दावण्या, भुरी आणि नवा लॅपटॉप : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प नोंदी

विषय : द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून दावण्या, भुरी असे रोग ओळखणे. गट तिघांचा. फोटो आणि मॉडेल (फोटो बघून रोग ओळखायला शिकणारा प्रोग्राम) माझ्याकडे, ॲप रूममेटकडे, अहवाल तिसऱ्या गड्याकडे, म्हणजे शेवटच्या आठवड्यात तोही माझ्याकडेच. कॉलेजला दाखवायच्या वहीत 'चर्चा केली, कोडिंग केले' एवढंच जातं. खरं काय झालं ते इथे.

१२ जुलै २०२४, शुक्रवार

लॅपटॉप आला. ६१,९९० रुपये. तासगावच्या सौद्यात गेलेल्या आमच्या बेदाण्याच्या पट्टीतले, म्हणजे विक्रीच्या पैशातले. पप्पांनी दुकानदारासमोर नोटा दोनदा मोजल्या आणि तिसऱ्यांदा मला मोजायला लावल्या.

झाकणाच्या आत स्टिकरच स्टिकर. सहा कोअरचा प्रोसेसर, ४ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झची १५.६ इंची स्क्रीन, ५१२ जीबी एसएसडी. मी घेतला तो ग्राफिक्स कार्डासाठी. मॉडेल शिकवायचं तर ते हवंच, असं सीनियर सांगतात. रॅम ८ जीबी आहे, हे स्टिकरवर कुठेच नव्हतं. बिलावर होतं.

सुरू केल्यावर डिस्क ४७६ जीबीच दिसली. पप्पा म्हणाले, "मापात मारलं बघ." मारलेलं नाही. बनवणारे एक जीबी म्हणजे हजार गुणिले हजार गुणिले हजार असं धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. पण धान्याच्या मापाची सवय असलेल्या माणसाला हे पटवणं कठीण. रॅममधली थोडी प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सने आधीच धरून ठेवली आहे. उरलेल्यातली जवळजवळ निम्मी काहीच न उघडता भरलेली, त्यात महिनाभराच्या फुकट अँटिव्हायरसचा वाटा मोठा. तो आधी काढला.

चांगलं काय : दाबलं की नऊ-दहा सेकंदांत चालू होतो. जुन्या डेस्कटॉपवर तेवढ्या वेळात चहा व्हायचा.

१४ जुलै, रविवार

चार्जरचा प्लग जाड पिनांचा आहे, गिझरला असतो तसा. हॉस्टेलच्या खोलीत एकही पॉइंट त्या मापाचा नाही. तसा पॉइंट मजल्यावर एकच, बाथरूमबाहेर. काल रात्री लॅपटॉप बादल्यांच्या रांगेशेजारी स्टुलावर ठेवून चार्ज केला आणि राखण करत बसले. आज मारुती रोडवरून कन्व्हर्टर आणला. चार्जरचं वजन एका लहान विटेएवढं. 'पातळ आणि हलका' असं जाहिरातीत लिहिणाऱ्याने ही वीट पाठीवर टाकून एसटीत उभं राहून दाखवावं.

२१ जुलै, रविवार

तीन दिवस वाया गेले, आणि दोष माझाच आहे. टेन्सरफ्लो (मॉडेल शिकवायचं सॉफ्टवेअर) टाकलं. सगळं नीट चाललं, पण ग्राफिक्स कार्ड किती, असं विचारलं की उत्तर शून्य. ड्रायव्हर काढला, घातला, पुन्हा काढला. शेवटी कागदपत्रं नीट वाचली : विंडोजवर थेट ग्राफिक्स कार्ड वापरणारी टेन्सरफ्लोची शेवटची आवृत्ती २.१०. त्यानंतरच्या आवृत्त्यांना आत लिनक्स चालवावं लागतं. ते आतलं लिनक्स ठरवून न दिल्यास निम्म्या रॅमपर्यंत हात मारू शकतं. ८ जीबीच्या घरात असा पाहुणा परवडत नाही. पायटॉर्च या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेले. पंधरा मिनिटांत 'कूडा उपलब्ध : ट्रू' असं आलं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड सापडलं. रूममेटला झोपेतून उठवून दाखवलं. ती म्हणाली, "बरं," आणि पुन्हा झोपली.

४ ऑगस्ट, रविवार

सुरुवातीला सगळेच वापरतात तो प्लांटव्हिलेजचा पानांच्या फोटोंचा संच घेतला. एकूण ५४ हजारांवर फोटो, त्यातले द्राक्षाचे ४,०६२. मॉडेल मोबाइलनेट व्ही-२, कारण पुढे फोनवर चालवायचं आहे. फोटो २२४ बाय २२४ करून द्यायचे.

नुसत्या प्रोसेसरवर एक फेरी (शिकवणीचे सगळे फोटो मॉडेलला एकदा दाखवणं) ४ मिनिटं २० सेकंद. ग्राफिक्स कार्डावर २६ सेकंद. पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं आणि पप्पांना फोन केला. त्यांनी विचारलं, "मग उरलेल्या वेळात काय करणार?"

अचूकता ९८ टक्के! दहा फेऱ्यांत! एवढं सोपं काम कुणी आधी का केलं नाही, असं दोन तास वाटत राहिलं. मग गेल्या हंगामातले घरच्या बागेतले सात-आठ फोटो दिले. सगळ्यांना 'ब्लॅक रॉट'. तात्यांच्या (पप्पांचे थोरले भाऊ, बाग तेच बघतात) हातातल्या चहाच्या कपालाही ब्लॅक रॉट.

कारण उघड आहे. त्या संचात द्राक्षाचे वर्ग चारच : ब्लॅक रॉट, एस्का, पानावरचा एक करपा आणि निरोगी. आमच्याकडे ज्यांच्या नावाने झोप उडते ते दावण्या आणि भुरी त्यात नाहीतच. शिवाय तिथली पानं तोडून साध्या कागदावर ठेवून काढलेली. आमच्या बागेत पानामागे पान, ऊन-सावली, बोर्डोच्या फवारणीचे निळसर थेंब, मधूनच ठिबकची नळी. म्हणजे फोटो आपणच काढायचे. ऑक्टोबर छाटणीनंतर.

१८ ऑगस्ट, रविवार

आठवडाभराचा गुंता सुटला. बॅच (मॉडेलला एका वेळी द्यायचे फोटो) ३२ वरून ६४ केली, तर वेग वाढायच्या ऐवजी फेरी चार मिनिटांवर गेली. मेमरी संपली असती तर चूक दाखवून थांबायला हवं होतं. थांबलं नाही. हल्लीचे ड्रायव्हर कार्डावरची मेमरी भरली की चुपचाप साधी रॅम उधार घेतात आणि काम बैलगाडीच्या वेगाने चालू ठेवतात. टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड' लिहिलेली रेष वर चढताना दिसली तेव्हा समजलं. उधार देणारी रॅम तरी कुठे श्रीमंत? तिचं ओझं एसएसडीवर. हात टेकवला तिथे कळफलक गरम.

दुसरं : फोटो वाचायला चार वर्कर लावले, की विंडोजवर प्रत्येक वर्कर म्हणजे पायथॉनची अख्खी नवी प्रत. चार प्रती, एक ब्राउझर, एक वर्डची फाइल, आणि माउसचा बाण गोठतो.

सध्याची सेटिंग : बॅच ३२, वर्कर २, अर्ध्या अचूकतेची (कमी मेमरी खाणारी) गणितं, ब्राउझर बंद. कार्ड घेतलं धावणारं, पण त्याला चारा घालणारा हात आखूड.

२५ ऑगस्ट, रविवार

रॅम वाढवली. टास्क मॅनेजरमध्ये 'दोनपैकी एक जागा वापरात' असं आधीच दिसत होतं. ८ जीबीची तशीच दुसरी पट्टी १,८५० रुपयांना. उघडल्याने वॉरंटी जाते का, हे आधी विचारून घेतलं. आपल्या हाताने काही मोडलं नाही तर जात नाही, म्हणाले.

खालचे दहा स्क्रू, त्यातले दोन आखूड. ते कुठले हे कागदावर चित्र काढून लिहून ठेवलं. झाकणाच्या खाचा सोडवायला जुनं एटीएम कार्ड. पट्टी तिरकी घालायची आणि दोन्ही बाजूच्या चिमट्या 'टक' करीपर्यंत खाली दाबायची. पहिल्यांदा चालू केला तेव्हा पडदा अर्धा मिनिट काळा राहिला. त्या अर्ध्या मिनिटात बेदाण्याची अख्खी पट्टी डोळ्यांसमोरून गेली. मग आला.

आता १६ जीबी. दोन पट्ट्या जोडीने काम करतात, त्यामुळे नुसती जागा नाही, वेगही सुधारला. या यंत्राबद्दल मनापासून चांगलं बोलायचं तर हे : उघडता येतं, आणि आत जागा ठेवली आहे. वर्गातल्या एकीचा याहून महाग आणि खरोखर हलका लॅपटॉप आहे, त्यात रॅम बोर्डालाच डकवलेली. ती जन्मभर ८ जीबीवर.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. घरी आले आहे. शुक्रवारी एसटीत बसताना झाकण मिटून बॅगेत टाकला, बॅटरी ८० टक्के. घरी काढला तर पाठ भाजेल असा गरम आणि बॅटरी ३४. झाकण मिटलं की यंत्र झोपतं असा माझा समज. हल्लीचे लॅपटॉप नुसते डुलकी घेतात, आतून नेट आणि अपडेट चालूच. बॅगेत पंख्याला हवा नाही. आता झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' लावलं आहे.

त्याआधीच्या रात्रीचं दुखणं वेगळं. चाळीस फेऱ्यांचं ट्रेनिंग लावून झोपले. पहाटे तीनला अपडेट येऊन यंत्र आपोआप पुन्हा सुरू झालं. सकाळी समोर लॉगिनचा पडदा आणि कुठल्या तरी डोंगराचं सुंदर चित्र. एकही फेरी जपून ठेवलेली नव्हती. आता दर फेरीला फाइल सेव्ह होते आणि अपडेटच्या वेळा बांधून दिल्या आहेत.

उष्णता : लांब ट्रेनिंगला प्रोसेसर ९४ अंशांवर जातो आणि मग स्वतःच वेग कमी करतो. हवा खालून ओढतो आणि खाली तर टेबल. मागच्या दोन पायांखाली बिसलेरीची झाकणं ठेवली, ८८ वर आला. कूलिंग पॅडचे आठशे वाचले. पंख्याच्या आवाजाला उपाय नाही. रूममेट म्हणते, गिरणीत झोपल्यासारखं वाटतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

ॲपमधला मराठी मजकूर टाइप केला. 'शेतकऱ्यांनी' हा एकच शब्द अर्धा तास. साधा 'र' घेतला की 'शेतकर्यांनी' असं डोक्यावर रफार चढवून येतं. त्यासाठी खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यावा लागतो, मग हलन्त, मग 'य'. लॅपटॉपचा यात दोष नाही, पण इथे विकायच्या कळफलकावर एकही देवनागरी अक्षर नाही, हे खटकलं.

आलेखावर मराठी नावं टाकली तर आधी चौकोन आले. फॉन्ट बदलल्यावर अक्षरं आली, पण पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली. 'निरोगी'चं 'नरिोगी'. आलेख इंग्रजीत ठेवले.

६ ऑक्टोबर, रविवार

छाटणी झाली. अडीच एकर, बहुतेक तास-ए-गणेश जातीची द्राक्षं. तात्यांना विचारलं, एक ओळ फवारणीविना सोडाल का, फोटोंसाठी रोग हवा आहे.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, रोग काय फोटो काढून घरी जातुय व्हय? एक वळ सोडली की बाग गेली."

बरोबरच आहे. पावसाची एक झड आणि ढगाळ हवा मिळाली की दावण्या बघता बघता पानावरून घडावर उतरतो. माझ्या डेटासेटपायी वर्षाचं पीक पणाला लावायचं नाही. रस्त्यापलीकडे एकाने सोडून दिलेली बाग आहे, पुढच्या वर्षी काढून टाकणार. तिथे रोगाला तोटा नाही. मालकाला विचारून घेतलं. ते हसले : "ने की, सगळी बाग ने."

२७ ऑक्टोबर, रविवार

दोन शनिवार-रविवार सोडलेल्या बागेत, उरलेला वेळ आमच्यात. फोटो फोनने, चार हजार बाय तीन हजार. लॅपटॉप बांधावर नेला होता. म्हटलं काढता काढता बघू, पुसट आलेले लगेच पुन्हा काढू. सकाळी नऊनंतर पडद्यावर माझाच चेहरा दिसतो, पान दिसत नाही. उजेड पूर्ण वाढवूनही नाही. ओढणी डोक्यावरून घेऊन तिच्या आत लॅपटॉप धरला, जुन्या फोटोवाल्यासारखा. पलीकडच्या बायका काम थांबवून बघत होत्या. बॅटरी दोन तास दहा मिनिटं टिकली. परत नेलाच नाही.

दावण्या ओळखायचा तर पानाच्या वरच्या बाजूला आधी फिकट पिवळे, तेल सांडल्यासारखे डाग येतात आणि खाली पांढरी बुरशी. भुरी म्हणजे वरून राखाडी पीठ भुरभुरल्यासारखं. भुरी फोटोत सहज येते. दावण्याची सुरुवात फार हळुवार असते, उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. हे आत्ता लिहून ठेवते, पुढे लागेल.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

एकूण १,१४६ फोटो. दोन रात्रींत सगळ्यांना नावं दिली.

इथे लॅपटॉपने खरंच साथ दिली. उजवीकडे वेगळे अंक आहेत (घेताना मला ते नकोच होते, टाइप करताना हात डावीकडे सरकतात म्हणून). छोटा प्रोग्राम लिहिला : फोटो येतो, ० दाबलं की निरोगी, १ दावण्या, २ भुरी, ३ करपा, पुढचा फोटो आपोआप. एसएसडीमुळे फोटो उघडायला वेळ जात नाही. एका फोटोला तीन सेकंद. एकीकडे करंजी, एकीकडे अंक. निरोगी ४३०, दावण्या ३१८, भुरी २६१, करपा १३७.

१७ नोव्हेंबर, रविवार

घरच्या फोटोंवर पहिला निकाल : ७९ टक्के. भुरी उत्तम, करपा बरा. दावण्या आणि निरोगी यांत गोंधळ. मॉडेल माझ्या 'निरोगी' पानांना पुन्हा पुन्हा दावण्या म्हणतं.

गाईड सरांनी विचारलं, एकाच पानाचे दोन-तीन फोटो आहेत का? आहेत. मग त्यातला एक शिकवणीत आणि दुसरा परीक्षेत जातोय का? जात होता! म्हणजे ७९ सुद्धा फुगलेले. पानागणिक वाटणी केली : ७४.

सर म्हणाले, आणखी फोटो आणा. रूममेट म्हणाली, मोठं मॉडेल घे. मी बॅच, वेग, फेऱ्या सगळं बदलून बघितलं. पंखा दोन रात्री ओरडत होता. ७४, ७३, ७५.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी, घरी. मॉडेल ज्यांना चुकीने दावण्या म्हणतं त्यातले दहा फोटो तात्यांना वॉट्सॲपवर पाठवले होते, गंमत म्हणून : बघा, यंत्राला निरोगी पानही कळत नाही.

तात्या मत देऊन आले, चष्मा लावला, फोन लांब धरून एकेक बघितला.

"आगं, ह्ये निरोगी कुणी म्हटलं? त्येल सांडल्यागत डाग दिसत्यात की."

मी लॅपटॉप उघडला आणि तोच फोटो दाखवला. तात्या वाकले, मागे झाले, पुन्हा वाकले. "ह्यात न्हाई दिसत."

फोन आणि लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. एकच फाइल. फोनवर पानाच्या डाव्या बाजूला तीन फिकट पिवळे डाग, अगदी स्पष्ट. लॅपटॉपवर सगळं पान एकाच मळकट हिरव्या रंगाचं. पडदा पुढे-मागे कलवला की रंग थोडा बदलतो, पण डाग काही सुटे दिसत नाहीत.

दहापैकी सात फोटो दावण्याचे निघाले. म्हणजे मॉडेल बरोबर होतं आणि मी चूक. ते फाइलमधले आकडे वाचतं. मी पडदा वाचत होते.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस हेच. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात अगदी खाली बारीक अक्षरांत : '४५ टक्के एनटीएससी' (टीव्हीच्या रंगांचं एक जुनं माप). साधारण वेबवरचे फोटो ज्या रंगपटात असतात, त्यातले ६०-६५ टक्केच रंग हा पडदा दाखवू शकतो. बाकीचे जवळच्या फिक्या रंगात कोंबतो. १४४ हर्ट्झ ठसठशीत स्टिकरवर आणि हे शेवटच्या ओळीत. पडदा सेकंदाला १४४ वेळा बदलतो, पण पिवळा काही दाखवत नाही. पान स्थिर असतं, त्याला ६० पुरतात. (६० केलं, बॅटरी वीसेक मिनिटं जास्त चालते.)

पण सगळं खापर पडद्यावर फोडता येणार नाही. मी नावं दिली रात्री, आणि नाइट लाइट चालू होती. सूर्य मावळला की पडदा आपोआप पिवळट होतो, डोळ्यांना बरं म्हणून. पिवळट पडद्यावर पिवळा डाग शोधत होते मी, तीन सेकंदांत, करंजी खात.

आणखी एक. चार हजार बाय तीन हजारचा फोटो २२४ वर आणला की तेरा-चौदा पट आकसतो. चाळीस ठिपके रुंद डागाचे उरतात तीन. पूर्ण दृश्याऐवजी पान कापून द्यायला हवं. यात लॅपटॉपचा काही संबंध नाही, पण याच चौकशीत सापडलं.

१ डिसेंबर, रविवार

४३० 'निरोगी' फोटो पुन्हा तपासले. प्रयोगशाळेतल्या चांगल्या मॉनिटरवर, दिवसा, एचडीएमआय वायर जोडून, आणि शंका आली तर फोनवर. रूममेटने स्वतंत्रपणे तेच केलं. आमचं जिथे जुळलं नाही ते तात्यांकडे.

६१ संशयित. त्यांतले ४७ दावण्याची सुरुवात. उरलेले १४ तात्यांच्या मते अन्नद्रव्याची कमतरता : "खत कमी पडलंय, रोग न्हाई." त्या १४ चं काय करायचं ते ठरत नाही. तूर्तास बाजूला.

पानं कापून, नवी नावं देऊन पुन्हा शिकवलं : ८६ टक्के. परीक्षेच्या संचातली नावंही बदलली आहेत, त्यामुळे ७४ वरून ८६ अशी सरळ तुलना चुकीची ठरेल, हे अहवालात लिहायचं. तिसरा गडी म्हणतो, कशाला लिहायचं. लिहायचंच.

१० डिसेंबर, मंगळवार

सर्व्हिस सेंटर. "पडदा स्पेसिफिकेशनप्रमाणेच आहे, मॅडम." खरं आहे.

२९ डिसेंबर, रविवार

चार्जरशिवाय ग्राफिक्स कार्ड अर्ध्या ताकदीनेही चालत नाही. २६ सेकंदांची फेरी बॅटरीवर १ मिनिट १० सेकंद, आणि तासाभरात बॅटरी तळाला. बागेत हे नेऊन दाखवायचा विचार सोडला. तसंही बागेत जाणार तो फोनच.

मॉडेल फोनसाठी बारीक केलं. मूळ फाइल ९ एमबी, आतले आकडे आठ बिटांत बसवल्यावर अडीच. अचूकता एक टक्क्याने उतरली. रूममेटच्या तीन वर्षं जुन्या फोनवर उत्तर सेकंदाच्या आत, नेट नसताना. साठ हजारांचं यंत्र रात्र रात्र तापवून जे तयार झालं ते खिशातल्या फोनवर गार राहून चालतं. रूममेट जाम खूश, कारण आता गिरणी बंद.

१९ जानेवारी २०२५, रविवार

पारावर दाखवलं. तात्या आणि आणखी पाच जण. त्यातले दोघे तोडणीच्या गडबडीतून आले होते, लवकर उरकायला सांगून. भुरीची पानं चार आणली, चारही बरोबर. दावण्याची पानं या हंगामात कुठून आणणार, म्हणून फोटो दाखवले. एकाने आंब्याचं पान पुढे केलं. ॲप म्हणालं, करपा, ७१ टक्के. सगळे हसले.

'द्राक्षाचं पान नाही' असं म्हणायला आम्ही त्याला शिकवलेलंच नाही. पाचवा वर्ग हवा. चहाच्या कपाने ऑगस्टमध्येच सांगितलं होतं.

एक जण निघताना म्हणाले, "रोग दिसल्यावर सांगून काय उपेग, दिसायच्या आधी सांगा." तेवढं हे यंत्र करत नाही. पाऊस, दव, पान किती तास ओलं राहिलं, यावरून अंदाज बांधायचा तो वेगळा विषय.

९ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या भावाला पुढच्या वर्षी लॅपटॉप लागणार. त्याने चार जाहिराती पाठवल्या, चारही स्टिकरवाल्या. मी त्याला दावण्याचा एक फोटो पाठवला आणि सांगितलं, दुकानात जाऊन प्रत्येक पडद्यावर उघड, डाग किती ते मोज. तो म्हणाला, मला तर गेम खेळायचे आहेत. मग १४४ हर्ट्झ त्याला खरंच उपयोगी पडतील.

माझ्याचं बिजागर डावीकडे थोडं करकरायला लागलं आहे. बाकी ठीक. स्पेसबार अजून नवा आहे, शून्याच्या कळीवरची चकाकी मात्र गेली.

उद्याची कामं : आंबा, पेरू, लिंबू, शेवगा यांची पानं प्रत्येकी तीस, दिवसा. नाइट लाइट बंद आहे का ते तपासणे. त्या १४ पानांचं तात्यांना विचारून नवा वर्ग करायचा का ते ठरवणे. कन्व्हर्टर सैल झालाय, दुसरा आणणे.